विश्लेषण : विंचूदंशावर रक्तदाबाची गोळी कशी काम करते? पेशींमधील रासायनिक संवाद म्हणजे काय?

लाल विंचवाच्या दंशाने कोकणात एकेकाळी अनेक मुले दगावत. हे मृत्यू रोखण्यात मोठा वाटा उचलला तो उच्च रक्तदाबासाठी तयार झालेल्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने. ही गोळी विषाला हातही लावत नाही, तरीही रुग्ण वाचतो. याचे उत्तर विंचवात किंवा विषात शोधून सापडत नाही. त्यासाठी आपल्या शरीरातील पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात आणि तो निरोप ऐकतो कोण, हे समजून घ्यावे लागते.

पेशी एकमेकींशी संवाद कसा साधतात?

शरीरातील अब्जावधी पेशींना एकमेकींच्या तालावर काम करावे लागते. जेवण झाले की स्वादुपिंडाने इन्शुलिन सोडायचे असते. धावायला सुरुवात केली की हृदयाने ठोके वाढवायचे असतात. हा समन्वय प्रामुख्याने रसायनांच्या मार्फत होतो. एक पेशी विशिष्ट रेणू सोडते आणि दुसरी पेशी तो ओळखून आपले वागणे बदलते.

निरोप किती दूर जायचा यावरून त्याचे प्रकार पडतात. इन्शुलिन, थायरॉइडचे संप्रेरक किंवा अ‍ॅड्रिनलिन रक्तातून संपूर्ण शरीरभर फिरतात. जखमेच्या जागी सूज आणणारे हिस्टामिनसारखे रेणू बहुतांशी शेजारपाजारच्या पेशींपुरते असतात. मज्जातंतूच्या टोकाकडून सुटणारी रसायने तर अतिशय अरुंद फट ओलांडून समोरच्याच पेशीवर पोहोचतात. त्यामुळे हा निरोप क्षणार्धात पोहोचतो.

मज्जातंतू रसायनाच्या मदतीने बोलतात, हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवरील साध्या प्रयोगातून दाखवले. एका हृदयाचा वेग कमी करणारा मज्जातंतू त्यांनी उत्तेजित केला. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच त्याचाही वेग मंदावला. दोन हृदयांमध्ये तंतूचा कोणताही दुवा नव्हता. म्हणजे निरोप द्रवातूनच गेला होता. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. या क्षेत्रातील कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल मिळाले.

रिसेप्टर काय असतात?

रक्तात एखादे संप्रेरक फिरत असले तरी प्रत्येक पेशी त्याला प्रतिसाद देत नाही. ज्या पेशीकडे ते ओळखणारे प्रथिन असते तीच प्रतिसाद देते. या प्रथिनाला रिसेप्टर किंवा मराठीत ग्राही म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी स्नायूंवर निकोटिन आणि क्युरारी या द्रव्यांचा परिणाम तपासून पेशींमध्ये असा ‘ग्रहण करणारा पदार्थ’ असला पाहिजे, असे १९०५ मध्ये मांडले होते. तो प्रत्यक्ष डोळ्यांसमोर यायला मात्र पुढे अनेक दशके गेली.

कुलूप आणि किल्ली ही उपमा इथे कामाची आहे. संदेशाचा रेणू ही किल्ली आणि रिसेप्टर हे कुलूप. किल्ली बसली की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो. बहुतेक रिसेप्टर पेशीच्या आवरणात रुतलेले असतात. त्यांचा एक भाग बाहेर आणि दुसरा आत असतो. बाहेर किल्ली बसल्यावर आतल्या भागाची ठेवण बदलते आणि तिथून पेशीतील रसायनांची साखळी सुरू होते. संदेशाच्या रेणूला पेशीच्या आत शिरावेच लागत नाही. दारावरची बेल बाहेरून दाबली तरी घरात आवाज होतो, तसे हे असते. इस्ट्रोजेनसारखी काही संप्रेरके याला अपवाद आहेत. ती आवरण ओलांडून आत जातात आणि आतील रिसेप्टरना भेटतात.

या साखळीत निरोप मोठाही होत जातो. एका रिसेप्टरमुळे पेशीतील अनेक रेणू जागे होतात आणि त्यातील प्रत्येक जण पुढे आणखी अनेकांना कामाला लावतो. म्हणूनच रक्तातील अत्यल्प अ‍ॅड्रिनलिनही छातीत धडधड निर्माण करू शकते.

एकाच संदेशाचे वेगवेगळे अर्थ कसे होतात?

घाबरल्यावर अ‍ॅड्रिनलिन आणि त्याचे भावंड नॉरअ‍ॅड्रिनलिन ही दोन रसायने सुटतात. त्यांच्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, पण श्वासनलिका सैलावतात. रसायने तीच असूनही परिणाम उलट कसे होतात, याचे उत्तर अमेरिकी संशोधक रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये दिले. या रसायनांसाठी शरीरात एक नव्हे तर अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे रिसेप्टर आहेत, असे त्यांनी सुचवले. पुढे त्यांचेही उपप्रकार सापडले.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंवर अल्फा-१ रिसेप्टर असतात. ते जागे झाले की पेशीत कॅल्शियम वाढते, स्नायू आवळला जातो आणि रक्तवाहिनी अरुंद होते. हृदयावर बीटा-१ रिसेप्टर असतात. ते ठोक्यांचा वेग आणि जोर वाढवतात. श्वासनलिकांवरील बीटा-२ रिसेप्टर त्यांना सैल करतात. स्वादुपिंडातील पेशींवर अल्फा-२ रिसेप्टर असतात आणि ते इन्शुलिन सोडणे रोखतात.

थोडक्यात, निरोपाचा अर्थ निरोपात नसतो. तो ऐकणाऱ्या पेशीकडे कोणता रिसेप्टर आहे, यावर ठरतो. महाडमधील उपचारांचे मूळ याच तत्त्वात आहे.

लाल विंचवाचे विष या व्यवस्थेत कुठे घुसते?

महाराष्ट्रात घराच्या आसपास आढळणाऱ्या विंचवांमध्ये सर्वांत घातक मानला जातो तो लाल विंचू. भाताचा पेंढा, दगडी बांध, लाकूडफाटा, कौले आणि चपला-बूट या त्याच्या दडून बसण्याच्या जागा आहेत. आकाराने मोठा आणि दिसायला भयंकर असलेला काळा विंचू त्या मानाने कमी धोकादायक असतो.

मज्जातंतूतून विजेचा संकेत जातो तो सोडियमच्या सूक्ष्म दारांमुळे. ही दारे क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. त्यामुळे संकेत पुढे जातो आणि तिथेच थांबतो. लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने ही दारे वेळेवर मिटू देत नाहीत, तर काही पोटॅशियमची दारे अडवतात. परिणामी मज्जातंतू थांबायचे विसरतो आणि पुन्हा पुन्हा संकेत पाठवत राहतो. त्याच्या टोकाकडून रासायनिक निरोपांचा पूर येतो.

आधी अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम दिसतो. उलट्या, भरपूर घाम, लाळ सुटणे, नाडी मंदावणे आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठर राहणे ही लक्षणे उमटतात. पाठोपाठ अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचे वादळ येते. सर्वत्र अल्फा-१ रिसेप्टर जागे होतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय बर्फासारखे थंड पडतात आणि रक्तदाब उसळतो.

आकसलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्त ढकलताना हृदयाची दमछाक होते. पुढे न सरकणारे रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि त्यातील द्रव हवेच्या पिशव्यांत उतरतो. यालाच फुप्फुसात पाणी होणे म्हणतात. रुग्णाला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. शरीर लहान असल्याने मुलांना याचा धोका अधिक असतो.

लक्षात घेण्यासारखी बाब म्हणजे, या टप्प्यावर जिवावर उठलेले रसायन शरीराचेच असते. विष केवळ ते सोडण्याची कळ दाबून धरते.

महाडमध्ये काय उलगडले?

जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांवर तेव्हा प्रामुख्याने वेदनाशामक, स्टिरॉइड यांसारखी औषधे दिली जात. तरीही गंभीर रुग्ण हाताबाहेर जात.

डॉ. बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलट्या, नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. मृत्यूपूर्वी रुग्णाचे काय होते, याचा क्रम त्यातून स्पष्ट झाला. आधी रक्तदाब उसळतो आणि नंतर हृदय हरते, फुप्फुसात पाणी होते. धोक्याची ही आगाऊ चिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या संशोधनात त्यांच्यासोबत होत्या.

मृत्यूचे मूळ आवळलेल्या रक्तवाहिन्यांत असेल, तर उपायही तिथेच हवा. सुरुवातीला सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरण्यात आले. मात्र ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि त्यासाठी अखंड देखरेख लागते. ग्रामीण आरोग्य केंद्रात ते कठीण होते. प्राझोसिनची गोळी मात्र तोंडावाटे देता येते आणि ती स्वस्त आहे. तिच्या वापराबाबतचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडण्यात आला.

प्राझोसिन वापरात येण्यापूर्वी पश्चिम भारतातील अशा रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के नोंदवले गेले होते. नंतर ते एक टक्क्याच्या आसपास आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

प्राझोसिन नेमके काय करते?

प्राझोसिन अल्फा-१ रिसेप्टरच्या कुलपात बसते, पण कुलूप उघडत नाही. चुकीची किल्ली भोकात अडकली की खरी किल्ली आत जाऊ शकत नाही, तसाच हा प्रकार आहे. रक्तात नॉरअ‍ॅड्रिनलिन कितीही असले तरी त्याला बसायला जागा कमी उरते. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो आणि फुप्फुसातील तुंबारा कमी होतो. थंड पडलेले हातपाय पुन्हा उबदार होणे, ही औषध लागू पडल्याची खूण मानली जाते.

हे औषध विष नष्ट करत नाही, मज्जातंतूला शांत करत नाही की रक्तातील अ‍ॅड्रिनलिनही काढून टाकत नाही. निरोप येतच राहतो. फक्त तो ऐकणारे कान काही काळ झाकले जातात. तोवर शरीर विषाचा निचरा करते.

औषधाची दुसरी बाजूही याच तत्त्वातून कळते. रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे रुग्ण एकदम उठून बसला किंवा उभा राहिला, तर रक्तदाब झपाट्याने घसरू शकतो. त्यामुळे गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवले जाते. मुलाला उचलून खांद्यावर घेण्याचा मोह पालकांनी टाळावा, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. मात्रा वजनानुसार ठरते. त्यामुळे ही गोळी घरच्या घरी देण्याची नाही.

इतर औषधांनी काम का भागत नाही?

विंचूदंशात घाम आणि लाळ भरपूर सुटते. ती थांबवायची तर अ‍ॅसिटिलकोलिनचे काही रिसेप्टर अडवणारे अ‍ॅट्रोपिन द्यावे, असे वाटू शकते. अ‍ॅट्रोपिनने घाम सुकतो, पण हृदयाचा वेग आणखी वाढतो आणि रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात. लक्षण झाकले जाते, मात्र धोका कायम राहतो.

बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या औषधांचेही तसेच आहे. उसळलेल्या रक्तदाबावर ती तर्कसंगत वाटतात. परंतु आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध झगडणाऱ्या हृदयाचाच जोर त्यांनी कमी होतो आणि अल्फा रिसेप्टर मोकळे राहतात. लघवीवाटे पाणी काढणारी औषधेही सरसकट देता येत नाहीत, कारण घाम आणि उलट्यांमुळे रुग्णाच्या शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते.

काही रुग्णांमध्ये नंतरच्या टप्प्यात थकलेले हृदय दुबळे होते आणि रक्तदाब घसरतो. अशा वेळी रुग्णालयात बीटा-१ रिसेप्टर जागे करणारे डोब्युटामिन दिले जाते. म्हणजे कोणता रिसेप्टर बंद करायचा आणि कोणता चालू करायचा, हे वेळेवरही अवलंबून असते.

मग प्रतिविषाची गरज उरते का?

उरते. प्रतिविष आणि प्राझोसिन हे निरोपाच्या साखळीतील दोन वेगळ्या जागी काम करतात. घोड्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे म्हणजे प्रतिविष. मुंबईतील हाफकिनमध्ये ते तयार होते. ही प्रतिपिंडे रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतात, म्हणजे कळ दाबणारा हातच धरतात. पण आधीच सुटलेल्या अ‍ॅड्रिनलिनवर त्यांचा काही उपाय नसतो. म्हणून ती लवकर मिळणे महत्त्वाचे असते.

महाडमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्णांमध्ये हे घडले. दोन्ही उपचार एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे यातून दिसले. जिथे प्रतिविष पोहोचलेले नाही, तिथे प्राझोसिनच्या गोळ्यांचा आधार आजही मोठा आहे.

इतर आजारांमध्ये हे तत्त्व कुठे वापरले जाते?

घरातल्या औषधांच्या डब्यातही याची उदाहरणे सापडतात. दम्याच्या पंपातील सालब्युटामोल श्वासनलिकांवरील बीटा-२ रिसेप्टर जागे करते. अ‍ॅलर्जीवरील सेटिरिझिन हिस्टामिनचा रिसेप्टर अडवते. अल्क्विस्ट यांच्या कल्पनेवर आधारित संशोधनातून ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयरोगावरील औषध घडवले. ब्लॅक १९८८ च्या नोबेलचे एक मानकरी होते.

अ‍ॅड्रिनलिनचे रिसेप्टर ज्या कुळातील आहेत, त्या कुळाचे सुमारे ८०० रिसेप्टर मानवी जनुकसंचात आहेत. वास, चव आणि प्रकाश ओळखणारे अनेक रिसेप्टरही यातलेच. त्यांची रचना आणि काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे याच कुळातील रिसेप्टरवर काम करतात.

ऐकणारी पेशीच निरोपाला दाद देईनाशी झाली तरी आजार होतो. टाइप-२ मधुमेहात सुरुवातीला इन्शुलिन असते, पण स्नायू आणि यकृताच्या पेशींचा त्याला मिळणारा प्रतिसाद मंदावतो.

विंचूदंश झाल्यास काय करावे?

अनेक विंचूदंशांमध्ये केवळ तीव्र वेदना होतात आणि काही तासांत त्या आपोआप ओसरतात. विंचू ‘उतरवणाऱ्या’ मांत्रिकांना यश मिळाल्यासारखे दिसते ते यामुळेच. मात्र कोणता दंश गंभीर वळण घेईल, हे मंत्राने ठरत नाही आणि त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

केवळ वेदनेवरून धोका जोखू नये. घामाने अंग भिजणे, उलट्या, लाळ गळणे, हातपाय थंड पडणे, मुलग्यांमध्ये लिंग ताठर होणे, धाप किंवा खोकला यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तातडीने जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. लहान मुलाला दंश झाला असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. दंशाची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधता येतो.

चपला घालण्यापूर्वी झटकणे, पेंढा किंवा लाकडे उचलताना हातपाय झाकणे, रात्री विजेरी वापरणे आणि अंथरूण भिंतीपासून दूर ठेवणे या साध्या सवयी दंश टाळतात. तरीही दंश झालाच, तर सुरुवातीचे काही तास निर्णायक असतात. शरीरातील निरोपांचा पूर याच काळात चढत असतो आणि तो ऐकणारे रिसेप्टर वेळीच अडवता आले, तर रुग्ण सहसा वाचतो.